चाराचे पाच

पंधरावा होल. फटके चार.

चौथा फटका म्हणजे हातभरावरून चेंडू नुसता आत ढकलायचा होता. तेवढ्यासाठी तो वाकला तर कंबरेतून निघालेली कळ थेट टाचेत जाऊन बसली. वय त्रेचाळीस, त्यातली वीस वर्षं गोल्फवर पोट भरण्यात गेलेली. भोकातला चेंडू काढायला मेहुणा पुढे झाला. बायकोचा हा धाकटा भाऊ अकरा वर्षं त्याची बॅग उचलत होता.

"भावोजी, वाकायचं खातं माझ्याकडे द्या," तो म्हणाला. "तुम्ही फक्त मारा."

सोबत खेळणाऱ्याचे इथे पाच झाले. चेंडू लांब मारतो म्हणून त्याला सगळे तोफ म्हणत. तोफेनं स्वतःला एक शिवी हासडली, खिशातलं कार्ड काढलं आणि चालता चालताच त्यावर खरडलं. या खेळात आपले फटके आपण लिहीत नाही. सोबतच्यानं आपले लिहायचे, आपण त्याचे. शेवटी कार्डं बदलायची, आपापलं तपासायचं, खाली सही करायची. सही झाली की जे लिहिलंय तेच खरं.

सोळावा होल. फटके चार.

काही घडलं नाही. चालला, मारलं, चालला.

सतरावा होल. फटके तीन.

मेहुण्यानं गणित सकाळपासून सातव्यांदा ऐकवलं. वर्षाच्या यादीत पहिल्या साठ खेळाडूंत राहिलं तर पुढचं वर्ष पक्कं. नाहीतर पात्रता फेरी, म्हणजे मिसरूड न फुटलेल्यांच्या रांगेत पुन्हा पहिलीपासून. त्या रांगेत भावोजी उभे राहणार नाहीत, हे न बोलता दोघांनाही ठाऊक होतं. त्या साठांत राहायला आज सत्तर फटके हवे होते. एकाहत्तर झाले की खेळ खल्लास. शेवटच्या होलला चार बसले की सत्तर.

"चार म्हणजे तुम्ही झोपेत मारता," मेहुणा म्हणाला.

झोपेत मारायला आधी झोप लागावी लागते, असं त्याच्या ओठांवर आलं होतं.

अठरावा होल. फटके

तिसरा फटका भोकापासून पाच हातांवर थांबला. उतार डावीकडे. त्यानं एकदाच पाहिलं, दुसऱ्यांदा पाहायचा कंटाळा आला, आणि मारला. चेंडू कडेनं आत पडला.

चार.

दोरीपलीकडे दहा-बारा माणसांनी टाळ्या वाजवल्या. मेहुण्यानं झेंड्याची काठी बगलेत मारून त्याला मिठी घातली. त्या मिठीतच त्याला पुढचं दिसलं. अजून एक वर्ष. मधोमध फट राहणारे पडदे, दुसऱ्यांच्या डोक्यांनी दबलेल्या उशा, पहाटेचा गजर, बॅगेची चाकं, फोनवर लेकीचं एका शब्दाचं "बरं". सोडतो, असं तो बायकोला तीनदा म्हणाला होता. तिन्ही वेळा पुढच्याच आठवड्यात बरा खेळला आणि शब्द गिळला. हरलेल्या माणसाला सोडता येतं. ज्याची जागा शाबूत आहे त्यानं कुठल्या तोंडानं सोडायचं?

टेबल. सही एक.

पत्र्याची खोली, घरघरणारा पंखा, दोरीला बांधलेलं पेन. अधिकारी बाईंनी कार्डं बदलून दिली. तोफेचे फटके त्यानं नीट लिहिले होते. तोफेनं आपलं कार्ड पाहिलं, सही ठोकली, "चला काका" म्हणून बाहेर पडला.

त्याच्या कार्डावर पंधराव्या घरात पाच होता.

तोफेनं शिवी घालता घालता स्वतःचा पाच त्याच्या घरात टाकला होता. नियम कुणालाही विचारा. खरे असतील त्याहून कमी फटके लिहून सही केली तर बाद. जास्त लिहून केली तर ते जास्त तुमचेच, गुमान घ्यायचे. चूक दुरुस्त करायला बोट ठेवून एक शब्द बोलायचा होता: चार.

"एकेक होल पाहिलात ना?" बाईंनी विचारलं.

"पाहिलं."

आणि त्यानं सही केली. त्या खोलीत बसूनच राहावंसं वाटलं.

बाहेर.

फळ्यावर त्याच्यापुढे एकाहत्तर चढले. मेहुणा आधी फळा लिहिणाऱ्याशी भांडायला गेला, मग परत आला तो पांढराफटक. एवढ्यात तोफ धावत आला. काय झालं ते त्याच्या ध्यानात आलं होतं. डोक्याला हात लावून तो पुन्हा पुन्हा तेच बोलत राहिला, की माझ्यामुळे झालं, काका, मी कार्ड चालता चालता लिहिलं, मी तुमचं वर्ष खाल्लं.

हे त्याच्या हिशेबात नव्हतं. कुणाचंच काही न जाता सुटायचं, एवढंच त्यानं धरलं होतं. आता गप्प राहिलं तर हा माणूस तो पाच जन्मभर छातीवर घेऊन हिंडणार.

"लिहिताना तू चुकलास," तो म्हणाला. "पण मी ते पाहिलं होतं."

तोफेला कळेना. "मग बोलला का नाहीत?"

मेहुण्याला मात्र कळलं. त्यानं बॅग खांद्यावरून उतरवली, जपून, रोज उतरवायचा तशीच, आणि तिच्याकडेच बघत राहिला. तोफ दोघांकडे आळीपाळीनं पाहून हळूच निघून गेला.

"मला एक शब्द बोलला असतात तर?"

"तू सोडू दिलं असतंस?"

"नसतं दिलं." मेहुणा बॅगेचा पट्टा गुंडाळू लागला. "माझंही वर्ष त्यातच होतं, भावोजी."

तो नुसता मान हलवत उभा राहिला. ताईला सांगायचं काम मी करणार नाही, असं मेहुण्यानं बजावलं. इतकी वर्षं वाईट बातमी तोच द्यायचा. मग खिशातून फोन काढून, तिचा नंबर लावून त्याच्या हातात ठेवला आणि चार पावलं बाजूला जाऊन पाठ करून उभा राहिला.

पहिल्याच घंटीला बायकोनं उचलला.

"झाले का सत्तर?"

"झाले," तो म्हणाला. "थांब, ठेवू नकोस. मी काय केलं ते सांगतो."