खोट्या शून्याचा डबा

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. पितळेचा देह, काचेचे तोंड, पोटात तेल आणि तेलात लोंबणारा जड काटा. गवताळ मैदानातल्या करागांडा शहराजवळच्या एका कोळसा खाणीत, क्रेनच्या केबिनमध्ये बसून मी अठ्ठावीस वर्षे क्रेन किती कलली ते सांगितले. काटा एका अंशापुढे गेला की वजन उचलायचे नाही, एवढेच माझे शास्त्र. क्रेन चालवणारी बाल्झिया रोज सकाळी बाहीने माझी काच पुसायची.

२००९ सालच्या मार्चमध्ये दौरेन नावाच्या नव्या इंजिनियरने कल मोजणारे तीन विजेचे डबे मागवले. क्रेनखाली साखळदंड अडकवणारे म्हातारे सापारगली त्याला म्हणाले, "बाळा, उणे तीसच्या थंडीत यातला कोणता टिकेल? हिसका बसला तर कोणाचा आकडा नाचणार नाही?"

"अगा, हा बघा! दशांशापुढे दोन आकडे दाखवतो!" एक डबा उचलून दौरेन म्हणाला. वडीलधाऱ्या पुरुषाला इथे अगा म्हणतात, थोरल्या बाईला आपा.

घोड्याचे दात न बघता शेपटीची वेणी बघून सौदा करावा, तशी ती निवड झाली.

"आणि हे डबडं काढा," माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला.

"स्क्रू गंजलेत रे तिचे," बाल्झिया म्हणाली. मी राहिले.

डबा बसला तो नेमका नौरोजच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या दिवशी. नवी वस्तू आधी थोरांना दाखवायची आणि त्यांनी तिला ओवाळणी घालायची, ही इथली रीत. क्रेनशेजारीच जेवणाचा दस्तरखान अंथरला होता. डब्याला शून्य शिकवायचे, म्हणजे सपाट कशाला म्हणायचे ते सांगायचे, ते पन्नास पावलांवरच्या सपाट काँक्रीटवर. पण पाहुणे ताटकळले होते, कढईतली सणाची पेज, नौरोज-कोझे, निवत होती.

"इथंच करतो शून्य," दौरेन म्हणाला. बर्फ वितळून भुसभुशीत झालेल्या त्या उतारावर मी तीन अंश दाखवत होते. थोरांनी टाळ्या पिटल्या, डब्याला रेशमी रुमाल बांधला. मूर्खपणालाही ओवाळणी मिळते, हे मी त्या दिवशी पाहिले.

दुसऱ्या दिवशी क्रेन तिथेच उभी होती. खोदयंत्राची अवजड बादली उचलायची होती. खाली सापारगली साखळदंड अडकवून उभे होते. डब्याचा दिवा हिरवा, आकडा ०.००.

"आपा, उचला ना!" दौरेन ओरडला. "शून्य आहे!"

बाल्झियाने माझ्याकडे पाहिले. "तुझं शून्य असेल. हिचे तीन आहेत."

"त्या म्हाताऱ्या डबड्यावर विश्वास ठेवता?"

"बरं. मग अगांना बाजूला घे आणि त्यांच्या जागी तू उभा राहा. लगेच उचलते."

दौरेन जागचा हलला नाही. बाल्झियाने साखळदंड सोडवायला लावले आणि क्रेन काँक्रीटवर नेली. तिथे माझा काटा शून्यावर येऊन निवांत थांबला. डब्याने दाखवले उणे ३.००.

"वा!" सापारगली म्हणाले. "चूकसुद्धा दोन दशांशांपर्यंत अचूक!"

सापारगली पुढे नऊ वर्षे जगले आणि स्वतःच्या अंथरुणात गेले. दौरेन आता मोठा साहेब आहे. नवे यंत्र आले की आधी त्यावर काठोकाठ चहाची पियाली ठेवून कल बघतो, म्हणतात. तो डबा पुढच्याच थंडीत मुका झाला. रुमाल मात्र छान होता.

मित्रांनो, मला जुनी म्हणून देव्हाऱ्यात बसवू नका. नवा मापक जरूर घ्या. पण आकडे मोजण्याआधी त्याला थंडी विचारा, हिसके विचारा, आणि शून्य शिकवताना पायाखालची जमीन बघा. वर कोणी तरी बसलेले असते, खाली कोणी तरी उभे असते.

निवृत्त होताना बाल्झियाने मला घरी नेले. माझे चारही गंजलेले स्क्रू तिने नुसत्या बोटांनी काढले.