उणे सहा किलो

मी न्हाणीघराच्या दाराआडचा वजनकाटा बोलतोय. काट्याला कुठलं तोंड, म्हणता? मग रोज सकाळी माझ्यावर उभं राहून माझ्याशीच वाद का घालता?

कारखान्यातून निघालो तेव्हा मी अगदी सरळ होतो. डॉक्टरांनी कान उपटले म्हणून या घरच्या आईंनी मला आणलं. तेव्हापासून माणसांचे पाय आणि नखरे दोन्ही झेलतोय. कुणी श्वास रोखून चढतं, कुणी चष्मा काढून ठेवतं. बाबा तर एका हाताने खुंटीला धरून उभे राहतात. चिरंजीवांनी मात्र कहर केला. लग्न ठरायच्या सुमारास त्यांनी मला उताणं केलं आणि पोटाखालचं चाक फिरवून काटा शून्याच्या सहा किलो मागे नेऊन ठेवला. झाले सडपातळ! हळूहळू त्यांचं त्यांनाही ते खरं वाटू लागलं. आणि मी? नुसता पडून असलो तरी उणे सहा.

मग सूनबाई आल्या. बोलणं कमी, बघणं फार. पहिल्याच दिवशी माझ्यावर चढल्या, आकडा पाहिला, उतरल्या, रिकामा काटा पाहिला आणि गालातल्या गालात हसल्या. बोलल्या मात्र कुणाला काही नाहीत.

पुढे दोघांचा आफ्रिकेचा बेत ठरला. आधी जंगलसफारी, मग समुद्रकिनारा. सफारी चिरंजीवांची हौस, समुद्र सूनबाईंची. त्यांनी तो उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पण बेत जसजसा रंगत गेला, तसतसा समुद्र आटत गेला. त्याचा एक दिवस चित्त्याने खाल्ला, एक पाणघोड्याने. शेवटी चिरंजीव म्हणाले, "किनारा राहूच दे ना. कॅमेऱ्याची मोठी लेन्स आहे, वाळू जाईल आत. आणि समुद्रात असतं काय? पाणीच की!"

"सिंह तरी काय," सूनबाई हळूच म्हणाल्या, "मांजरच की, अहो."

बाबांनी तोडगा काढला. जंगलात नेणारं विमान चिमुकलं, माणशी पंधरा किलोच सामान. "लेन्ससकट बॅग पंधरात बसली, तर सगळे दिवस जंगलात. नाही बसली, तर लेन्स घरी आणि ठरल्याप्रमाणे समुद्र. कबूल?"

"एकदम कबूल!" चिरंजीव म्हणणारच. सकाळीच गुपचूप त्यांनी बॅग माझ्यावर ठेवून पाहिली होती. बरोब्बर पंधरा.

मला बाहेरच्या खोलीत आणायचं काम सूनबाईंनी अंगावर घेतलं. "किती धूळ बसलीय," म्हणत त्यांनी मला फडक्यात घेतलं, आणि फडक्याआड चाक हळूच फिरलं. कितीतरी महिन्यांनी मी शून्यावर आलो. आखडलेली मान सुटावी तसं वाटलं.

बॅग ठेवली. एकवीस.

"शक्यच नाही!" चिरंजीव ओरडले.

"काटा बिघडला असेल रे," आई लेकाच्या मदतीला धावल्या. "तू उभा राहा बघू. तुझं वजन माहीतच आहे सगळ्यांना. लगेच कळेल. नाही जुळलं, तर दुकानातल्या काट्यावर उभं करू तुला."

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. मग बायकोकडे. त्या फडक्याची घडी घालत होत्या, अगदी मन लावून.

"नको, नको. काटा... बरोबर आहे," असं म्हणत ते लेन्स काढायला वाकले.

समुद्र पाहून दोघं परवाच आली. सूनबाईंच्या तळव्यांची थोडी वाळू अजून माझ्या रबरी पाठीवर आहे. ती कुणी पुसू नये आणि मला शून्यावर राहू द्यावं, एवढंच माझं मागणं.

आज चिरंजीवांनी दार लावून मला पुन्हा उताणं केलं. चाक हलेना. त्यावर लाल नेलपॉलिशचा जाड थर वाळला होता.

"अगं, हे चाक कुणी बंद केलं?"

दाराबाहेरून शांत आवाज आला, "मीच. वाळू जाईल ना आत!"