पुन्हा एकदा सांगणारा भोंगा

मित्रांनो, मी चौसाळ्याजवळच्या एका गावातल्या मारुतीच्या देवळावरचा जुना भोंगा आहे. अंगावर गंज, कडेला पोचा, आणि आवाज असा घोगरा की पोरांनी माझं नाव ‘खोकल्या’ ठेवलं. त्याची मला लाज नाही. लाज वाटते ती एकाच दिवसाची.

ग्रामपंचायतीने मला बीडच्या बाजारातून आणलं. नळाला पाणी सुटलं, रेशनचा गहू आला, माजलगावकडे ऊसतोडीला जाणारी गाडी पारावर लागली, सगळं मीच सांगायचो. माईकवर बोलायचा पंचायतीचा शिपाई बजरंग. निरोप संपला की तो जरा थांबायचा आणि म्हणायचा, “पुन्हा एकदा ऐका.” मग तोच निरोप दुसऱ्यांदा. रानातल्या माणसाला पहिल्यांदा अर्धंच ऐकू येतं ना!

‘खोकल्या’ हे नाव ठेवणारा अजिनाथ, आश्रुबा आणि मुक्ताबाईचा मुलगा, पुढे सैन्यात हेलिकॉप्टरचा पायलट झाला. तेही गावाला मीच सांगितलं. मुक्ताबाई पारावर आली आणि वर बघून म्हणाली, “तुज्या तोंडात साखर पडो रं भोंग्या!” मी नुसता फुगून गेलो.

एका दिवाळीत तो सुट्टीवर आला. एवढा कॅप्टन झालेला माणूस, पण लहानपणीसारखा सरसर देवळावर चढला. माझी सैल वायर त्याने घट्ट केली, तोंड त्यांच्या शेताकडे वळवलं आणि खाली ओरडला, “आये, आता तुला रानात बी समदं ऐकू यील!”

महिन्याभराने ती बातमी आली. डोंगरात आजारी पडलेल्या जवानाला आणायला निघालेलं अजिनाथचं हेलिकॉप्टर खराब हवेत कोसळलं होतं. सकाळी फोन आला तेव्हा मुक्ताबाई कापूस वेचायला गेली होती. आश्रुबाने पारावर सगळ्यांपुढे हात जोडले.

“तिला कुनी काई सांगू नका. आष्टीहून आमची सत्यशीला येऊ द्या. लेक जवळ असली म्हंजी मीच सांगतो.”

गावाने ते पाळलं. टीव्ही बंद झाले. शेजारची मंगल चार बायका घेऊन मुक्ताबाईच्या रानात गेली आणि डोळे कोरडे ठेवून कापूस वेचू लागली.

दुपारी सरपंचांनी बजरंगाला अंत्ययात्रेसाठी रस्ता झाडायला माणसं गोळा करायला सांगितलं. रडून रडून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. गावाला काही सांगायचं म्हणजे माईक, एवढीच त्याला सवय. त्याने बटण दाबलं.

“आपल्या गावचे कॅप्टन अजिनाथ यांना वीरमरण आलं हाय. समद्यांनी पारावर यावं.”

एरवी मी खोकतो, अडखळतो. त्या दिवशी मात्र खणखणीत वाजलो. अजिनाथनेच वायर घट्ट केली होती ना!

रानात मुक्ताबाईने मान वर केली. “काय म्हनला गं बजरंग? अजिनाथचं नाव घेतलं का?”

“न्हाई वो काकू, पानी सुटलंय म्हनला,” मंगल म्हणाली.

मुक्ताबाईला ते पटलंही होतं. ती परत वाकली, असं मंगलने नंतर पारावर सांगितलं. पण बजरंग जरा थांबला, आणि मी म्हणालो, “पुन्हा एकदा ऐका.”

दुसऱ्यांदा कुणाचंच खोटं चाललं नाही. कापसाची ओटी सांडून ती माऊली रानात खाली बसली. आणि मी देवळावर उंच होतो, सगळ्यांना दिसेल असा. तोंड फिरवायचीही सोय नव्हती.

त्यानंतर बजरंगाने माईकला हात लावला नाही. मला उतरवून पंचायतीच्या कोपऱ्यात टाकलं. वर्षभर मी धूळ खात पडलो. तेच बरं वाटत होतं.

अजिनाथच्या वर्षश्राद्धानंतर मुक्ताबाई तिथे आली. मी आक्रसून गेलो. तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि दाराशी मान खाली घालून उभ्या राहिलेल्या बजरंगाला म्हणाली, “भोंगा लाव वर. माज्या लेकानं नीट केलेला हाय. पान्याचं सांग, लेकराच्या डोसाचं सांग. मरनाचं तेवढं पायी येऊन सांगत जा बाबा.”

मी पुन्हा देवळावर आहे. तोंड आताही त्याच शेताकडे आहे. मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. वाईट बातमी सांगायची वेळ आली, तर आधी त्या माणसाजवळ जा, शेजारी बसा, त्याचा हात हातात घ्या आणि मग सांगा. मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.