टाकीतलं तेज

आमच्या खासबाग वस्तीत तारामतीआक्कांच्या दाराबाहेर महिनाभर रोज संध्याकाळी चपलांचा ढीग पडत होता. आक्कांचे वारलेले यजमान श्रीपालअण्णा यांना तेजोनाथ महाराज म्हणे माशांच्या टाकीत प्रकट करत. मी समोरच राहणारा निवृत्त विज्ञानशिक्षक, घरात एकटाच. बोलावणं नव्हतं, तरी गेलो.

महाराजांनी वेळ अचूक साधली होती. इथल्या जैन घरांत दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळे दिवेलागणीला सगळे मोकळे.

"ट्यूब बंद करा!" महाराज गरजले. "पांढरा उजेड आत्म्याला जाळतो! कॉस्मिक कंपनं बिघडतात!"

अंधार झाला. त्यांनी मुठीतला स्फटिक टाकीवर धरला आणि आतली फिकट प्रवाळं हिरवीगार पेटली.

"आलं गं बाई, अण्णा आलं!" शेजारच्या मालुबाई ओरडल्या. सगळ्यांचे हात जोडले गेले. आक्का मात्र टाकीकडे न बघता जमलेल्या माणसांकडे बघत होत्या. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

माझं लक्ष प्रवाळांवर होतं. समुद्राच्या पाण्याची ही टाकी अण्णांचा जीव की प्राण. पहिला दिवा त्यांनी खडेबाजारातून आणला होता, गोड्या पाण्यातल्या माशांच्या टाकीचा. त्यात प्रवाळं मलूल झाली. मग तीन महिने चौकशा करून त्यांनी निळा-पांढरा, कमीजास्त करता येणारा दिवा मागवला. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यावर प्रवाळ जगतं. पांढरा उजेड नको म्हणत महाराजांनी टाकीवरचा तोच दिवा महिनाभर बंद ठेवायला लावला होता. अण्णांनी हातानं वाढवलेलं, मागे उरलेलं सगळं उपाशी मरत होतं.

माझ्या खिशात डॉक्टरांची चिठ्ठी असते. तिच्यात रात्रीच्या गोळीच्या नावावर मी पिवळ्या हायलायटरची रेघ ओढली आहे. आठवण करून द्यायला घरात कोणी उरलेलं नाही. ती चिठ्ठी उलगडून सरळ स्फटिकाखाली धरली. रेघ लखलखली.

"महाराज, अण्णा माझ्या बीपीच्या गोळीत कधी शिरले?"

कोणीतरी फिसकन हसलं. मी ट्यूब लावली आणि महाराजांची मूठ उघडली. स्फटिकामागे बोटाएवढी निळी टॉर्च होती.

"काही रंग निळा उजेड घेतात आणि हिरवा परत देतात," मी सांगितलं. "प्रवाळात तसा रंग असतो, या शाईतही. भोवती अंधार असला की तो ठळक दिसतो. म्हणून पांढरा दिवा बंद!"

"नास्तिकापुढे तेज थांबत नाही!" म्हणत महाराज चपला शोधू लागले. पाच मिनिटांत ढीग संपला, माझी एकट्याची जोडी राहिली. मी आपला छाती फुगवून उभा.

"सर, टॉर्च मी पयल्याच आठवड्यात बघितलती," आक्का म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"अवो, पाचला जेवान उरकलं की संध्याकाळ लई लांब पडती. हे असताना आमी दोघं टाकीपुढं बसायचो. आता कोण येतंय? महाराज आलं आन् घर भरलं. ह्यांची पवळी मराय लागलीत, दिसत हुतं मला. तरी गप बसले बघा." त्यांना रडू आलं.

मला शरम वाटली. दारासमोर दार, आणि अण्णा गेल्यापासून मी आज पहिल्यांदा त्या घरात पाऊल टाकलं होतं, तेही भांडायला.

उपाशी प्रवाळावर एकदम पूर्ण उजेड सोडला तर ते भाजतं. म्हणून अण्णांचा दिवा पाव भागावर लावला. दर आठवड्याला थोडा वाढवायचा.

"म्हंजी आठवड्यानं येणार व्हय?" आक्कांनी विचारलं.

"रोज बघावं लागतं," मी म्हणालो. ही माझी लबाडी होती. आक्कांनी ती ओळखली असावी, कारण त्यांनी टाकीपुढे दुसरी खुर्ची ओढली.

वाचकहो, कोणाच्या दाराबाहेर असा चपलांचा ढीग दिसला तर आत जाऊन टॉर्च जरूर शोधा. पण ढीग नव्हता तेव्हा आपण त्या घरात कधी गेलो होतो, हेही स्वतःला विचारा.