बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

मी एक जुनी बिडाची शेगडी आहे, मित्रांनो. जन्म कोल्हापूरचा आणि मुक्काम आयर्लंडमधल्या लिमरिक शहराबाहेर, एका घराच्या मागच्या हिरवळीवर. माझ्यासारख्या काळ्या, जड, तीन पायांच्या बाईला विमानात कोण बसवणार, असं तुम्हाला वाटेल. पण शालनआजींनी बसवलं. लेकीच्या बाळंतपणासाठी निघताना त्यांनी मला जुन्या लुगड्यांत गुंडाळून बॅगेत घातलं आणि वजनापायी डिंकाचे लाडू मात्र घरी ठेवले. जावयाने विमानतळावर बॅग उचलली, तेव्हा त्याला वाटलं, सासूबाईंनी पाटा-वरवंटाच आणला.

एका फौंड्रीत वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतून मला घडवलं. आजींच्या सासूबाईंनी मला बाजारातून आणलं, आणि त्या घरातल्या साऱ्या बाळंतिणी माझ्या उबेवर उठल्या. माझ्यात निखारे घालायचे, वर ओवा आणि बाळंतशोपा टाकून धुरी द्यायची, तळहात तापवून बाळाचं पोट शेकायचं. आजींची लेक अक्षया हीसुद्धा माझ्याच शेकावर वाढली. तेव्हा माझा काय मान होता! पुढे पोरं मोठी झाली आणि मी माळ्यावर गेले. तिथे कोळी माझ्यात जाळी विणायचे आणि मी गप्प बसायचे.

आता माणसांना न दिसणारी एक गोष्ट सांगते. धूर विरला, ज्वाळा बसल्या आणि निखारे लालबुंद झाले, की माझ्यातून आणखी काहीतरी निघतं. त्याला रंग नाही, वास नाही. मी त्याला नुसतं 'ते' म्हणते. धूर कसा डोळ्यांत जातो, खोकला आणतो, आपण आल्याचं सांगतो. ते काहीच सांगत नाही. कोल्हापूरच्या घरात ते कौलांच्या फटींतून निघून जायचं, त्यामुळे त्याच्याकडे कधी कुणाचं लक्षच गेलं नाही.

लिमरिकला आल्यावर माझं नशीब उघडलं. अक्षयाचा नवरा रणजित संगणकाच्या कंपनीत कामाला, पण जीव सगळा मटणात. इथे पेट्रोल पंपावर वाळलेल्या लाकडांच्या जाळीदार पिशव्या मिळतात. तो लाकडं पेटवायचा, माझ्यावर जाळी ठेवायचा आणि कांदा-लसूण चटणी चोळलेले चॉप्स भाजायचा. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून चर्र व्हायचं, की मला माझं तरुणपण परत आल्यासारखं वाटायचं.

"आई, एकदम ग्रँड झालेत!" तो म्हणायचा. "तुमच्या शेगडीपुढे इथलं बार्बेक्यू म्हणजे काहीच नाही."

"मग! माझ्या सासूबाईंची हाय ती, आलतूफालतू न्हाई," आजी म्हणायच्या, आणि मी मनातल्या मनात फुगायचे.

बाळ झाल्यावर आजींनी शेक सुरू केला. अक्षया भूल देणारी डॉक्टर. लोकांना झोपवून सुखरूप उठवणं हेच तिचं काम. तिने बजावलं होतं, "आई, निखारे मोजकेच, खिडकी उघडी, आणि मी जागी असतानाच."

"बरं, डॉक्टरीणबाई," आजी म्हणाल्या, आणि बरेच दिवस त्यांनी ते पाळलंही. फक्त एक गोष्ट त्यांनी लेकीला सांगितली नव्हती. त्या खोलीच्या भिंतीत वर एक गोल झरोका होता. इथल्या घरांत असतो. त्यातून गार वारा येतो, बाळाला बाधेल, म्हणून आजींनी तो लुगड्याच्या चिंध्यांनी गच्च बुजवला होता.

मग तो शनिवार आला. संध्याकाळची वेळ होती, पण इथल्या उन्हाळ्यात अंधार लवकर पडत नाही. रणजितने चॉप्स काढले आणि तो स्वयंपाकघरात भात टाकायला आणि कांदा चिरायला गेला. माझ्यात निखारे काठोकाठ होते. एवढ्यात तिरका पाऊस सुरू झाला. एवढा सुंदर विस्तव वाया जाणार हे आजींना बघवेना. त्यांनी फडकी धरून माझ्या कड्या उचलल्या आणि मला बाळंतिणीच्या खोलीत आणून ठेवलं. अक्षया आणि बाळ झोपली होती. खिडकीतून पाऊस आत येत होता. आजींनी खिडकी लावली आणि दारही ओढून घेतलं.

ते माझ्यातून निघालं.

ते खिडकीपाशी गेलं. तिथे कडेने फट बुजवणारं रबर होतं. दाराशी गेलं. तिथेही तसंच. वर झरोक्याशी गेलं आणि चिंध्यांना टेकून थांबलं. मग ते सावकाश खाली उतरलं. असला विषारी वायू कळला की शिट्टी मारणारी डबी स्वयंपाकघरात बॉयलरपाशी होती; तिथवर ते पोचलंच नाही. खोली नीटनेटकी होती, बाहेर उजेड होता, कुणी खोकतही नव्हतं. मला फार भीती वाटली.

खूप वेळाने अक्षयाने डोळे किलकिले केले. आजी स्टुलावर बसून पाळण्यात बघत होत्या.

"बघ की अक्षे, लेकराचे गाल कसे गुलाबी झालेत. शेक अंगी लागला बघ."

अक्षया जड जिभेने म्हणाली, "आई... डोकं दुखतंय तुझं?"

"जरा दुखतंय. च्या न्हाई झाला आज."

"बाळ रडलं नाही?"

"न्हाई. गुमान पडलंय. लई शहाणं."

अक्षयाची नजर माझ्यावर आली. काय चाललंय ते तिला कळलं, कारण रोज माणसं अशीच तिच्यासमोर शांत होत जातात. पण या वेळी झोपवणारी ती नव्हती.

"आई, खिडकी उघड!"

आजी अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या. "उठवंना गं," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. ते हसू मी अजून विसरले नाही.

अक्षया पलंगावरून उतरायला गेली आणि गुडघ्यांवर कोसळली. तिने रणजितला हाक मारली, पण आवाज तिच्या ओठांबाहेर आला नाही. उशाशी पाण्याचा तांब्या होता. तो दोन्ही हातांनी ओढून तिने माझ्यावर उपडा केला.

तापलेल्या बिडावर गार पाणी! माझी एक बाजू वरपासून खालपर्यंत फुटली, आणि बंदुकीसारखा आवाज झाला. जन्मभरात मी तेवढीच एकदा ओरडले.

रणजित धावत आला. त्याने दार उघडलं, खिडकी उघडली, बाळाला उचलून पावसात नेलं. दोघींना एकेक करून ओढत बाहेर हिरवळीवर आणलं. बाळ रडत नव्हतं. तो सारखं "रड ना रे, रड ना" म्हणत होता. मला आतून फक्त त्याचा आवाज ऐकू येत होता. मग एक बारीक, चिडका टाहो आला, आणि माझ्या जिवात जीव आला.

रुग्णवाहिकेतला तांबड्या दाढीचा माणूस बाळाच्या तोंडाशी प्राणवायूचा मुखवटा धरून म्हणाला, "यू आर ग्रँड, लव्ह. ब्रीद अवे." तिघंही वाचली. दवाखान्यातून आल्यावर आजी आधी त्या खोलीत गेल्या, स्टुलावर चढल्या आणि झरोक्यातल्या चिंध्या उपसून काढल्या. मग खाली बसून ढसाढसा रडल्या.

रणजितने माझ्या चिरेभोवती तार आवळली. काही आठवड्यांनी माझ्यावर पुन्हा चॉप्स भाजले गेले. नेमका तेव्हाच पाऊस आला. आजींनी सवयीने फडकी घेतली, कड्या धरल्या आणि मला दारापर्यंत आणलं. उंबऱ्याशी त्यांचे पाय थबकले. आत बाळ पाय झाडत खेळत होतं. आणि मित्रांनो, खरं सांगते, माझ्या निखाऱ्यांमधून ते उठलं आणि माझ्याआधी आत डोकावलं. आजींना ते दिसलं नसेल. पण त्या मागे वळल्या आणि मला पुन्हा ओल्या गवतावर ठेवून आल्या.

जुन्या वस्तू नेहमी म्हणतात, आम्हाला विसरू नका, उन्हापावसात टाकू नका. मी उलट मागते. माझ्यावर मटण भाजा, हात शेका, गप्पा मारा, पण आभाळाखाली. निखाऱ्यांना धूर नाही म्हणून त्यांच्यावर विसंबू नका. आणि पाऊस आला, तर तुम्ही आत जा. मी गंजले तरी चालेल. मला बाहेरच राहू द्या.