काचेच्या कपाटातली रिकामी जागा

मी ढाल बोलतेय. लढाईतली नव्हे, कबड्डीची फिरती ढाल. सागवानी पाटावर बसवलेलं पितळेचं तोंड आणि खाली जिंकणाऱ्या संघांच्या नावांच्या पट्ट्या, हा माझा अवतार. शेवगावच्या जत्रेत मातीवर जी स्पर्धा होते, ती जिंकेल त्याच्या घरी मी वर्षभर राहायचं आणि पुढच्या जत्रेला मुकाट्याने मैदानावर परत यायचं. शेजारणीकडून उसन्या आणलेल्या परातीसारखी मी. वापरा हवं तेवढं, मालकी कोणाचीच नाही.

गेली काही वर्षं मात्र शेवगावच्या तालमीने मला दुसऱ्या गावाचं तोंड पाहू दिलं नव्हतं. संघाचे पोशिंदे रविकांतशेठ. त्यांचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान, आणि त्यांच्या गादीमागच्या भिंतीवर मी. दुकानात राहून माझी जीभही दुकानदारासारखी झाली, ते तुम्ही सांभाळून घ्याल.

एकदा एक बाई कळशी घ्यायला आल्या. बोटाच्या पेराने वाजवून, कानाशी धरून त्यांनी दहा कळश्या नापास केल्या आणि शेवटी माझ्याकडे बोट केलं. म्हणाल्या, ही केवढ्याला? शेठ हसले. "मावशी, ती विकत मिळत नाही. ती जिंकावी लागते." त्या दिवशी मला कोणी चिंच लावून घासलं नव्हतं, तरी मी लखलखत होते.

सामन्याच्या सकाळी संघाचा कप्तान सहादेव यायचा. शेतकरी गडी, बोलणं कमी आणि पकड मगरीची. तो तालमीची चिमूटभर माती माझ्या तोंडाला लावायचा आणि मग एकेक खेळाडू अंगठ्याने ती आपल्या कपाळाला लावून घ्यायचा. इतक्या कपाळांनी मला मान दिल्यावर दुसरं काय हवं होतं?

मग पगारी कबड्डीची लीग आली. मॅटवरचे सामने, पायात बूट, दिव्यांचा झगमगाट, सगळं मोबाईलवर दिसणार. रविकांतशेठांनी संघ उतरवला आणि पुण्याकडचा नावाजलेला चढाईपटू आणला, हर्षल. जाहिरातीच्या फलकावर तो मधोमध उभा राहिला. सहादेव कोपऱ्यात, तोही अर्धा. त्याचा अर्धा भाग छपाईत गेला.

मी ते सोसलं असतं. पण एके दिवशी सुतार आला, मला भिंतीवरून उतरवलं आणि माझ्या जागी काचेचं कपाट बसवलं. आत लाल मखमल, वर पिवळा दिवा. लीगचा चषक येणार म्हणून! मला वखारीत, दांडा तुटलेल्या झाऱ्यांच्या पोत्याला टेकवून ठेवलं. दार उघडं असलं की तिथून कपाट नेमकं समोर दिसायचं.

हेवा माणसाचा वाटतो, वस्तूचा वाटतो. मला पोकळीचा वाटू लागला. गिऱ्हाइकं येऊन त्या रिकाम्या मखमलीकडे कौतुकाने बघायची. कोणी पोरासोबत फोटो काढायचं. दसऱ्याला शेठांनी कपाटाला झेंडूचं तोरण बांधलं. आत काही नव्हतं हो! मी आयुष्यभर घाम बघून इथवर आले, आणि जो अजून कोणी जिंकलाही नाही त्याच्यासाठी दिवा जळत होता.

इंदूवहिनी, शेठांच्या पत्नी, जमाखर्चाच्या पक्क्या. त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. ती म्हण आपल्याच घरावरून पडली असेल, मला आता पटलं."

शेठ म्हणाले, "अगं, हर्षल आहे ना."

हर्षल होता, पण पहिला सामना गेला, दुसरा गेला. मातीत वाढलेल्या पोरांचे पाय बुटांत अवघडायचे, आणि सहादेव राखीव बाकावर बसून टाळ्या वाजवायचा. पराभवाची बातमी वखारीत पोचली की मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? बेलापूरच्या संघाने धुतलं त्या दिवशी तर झाऱ्यांचं पोतंसुद्धा मला मऊ लागलं.

मग शेठांना आठवलं की यंदा कपाळाला माती लागलेली नाही. मला वाटलं, आता मला नेतील. छे! त्यांनी तालमीची माती स्टीलच्या डब्यात भरली आणि डबा घेऊन थेट नगरच्या सामन्याला गेले. मला तिथलं सहादेवाच्या तोंडून कळलं, तो दुकानात इंदूवहिनींना सांगत होता. सामन्याआधी शेठांनी हात जोडून मॅटवरच मूठभर माती शिंपडली. सहादेव म्हणाला होता, "शेठ, तिथं नका टाकू. माती मातीवर धरती, मॅटवर घसरती." पण श्रद्धेच्या माणसाला कोण अडवणार? पंचांचं लक्ष जाईस्तोवर हर्षलची पहिली चढाई सुरू झाली होती. पाय सटकला, गुडघा फिरला. त्याच्याबरोबर हंगामही संपला. संघ तळाला राहिला. चषक दुसऱ्यांच्या गावाला गेला.

एका सकाळी शेठ वखारीत आले. मला उचललं, धोतराच्या फडक्याने पुसलं आणि कपाटात ठेवलं. मखमलीवर. दिव्याखाली. अहो, काय सांगू! वाटलं, आता कायमची इथेच. काचेपलीकडून कोणी माती लावणार नाही, न लावो.

पण जत्रा दारात आली होती. संध्याकाळी सहादेव आला आणि पायरीवरच उभा राहिला.

"शेठ, ढाल न्यायला आलोय. उद्या स्पर्धा हाय."

"आपला संघ?"

"पोरं पांगली. नाव दिलंच न्हाई कुनी. मी नेवाशाकडनं खेळतोय, सासुरवाडीकडनं."

शेठ बराच वेळ पितळी तांब्याचा काठ पुसत राहिले. मग म्हणाले, "हिला आजच बसवलीय रे. एवढा आठवडाभर राहू दे. जत्रेवाल्यांना मी सांगतो."

"न जिंकता कशी ठेवायची, शेठ?" सहादेव हळूच म्हणाला. "तुमीच म्हनायचा, ती विकत मिळत न्हाई."

शेठांनी स्वतःच काच सरकवली. मला देताना त्यांचे हात किंचित रेंगाळले, ते मी जन्मभर विसरणार नाही. शेवगाव हरून मला गमावतं तर चाललं असतं. खेळलंच नाही, हे लागलं.

आता मी नेवाशात, सहादेवाच्या सासऱ्यांच्या ओसरीवर आहे. नव्या पट्टीवर नेवाशाचं नाव आहे. सकाळी ऊन येतं, मुलं येता-जाता टिचकी मारतात, सामन्याच्या दिवशी तोंडाला माती लागते. माझं बरं चाललंय, तक्रार नाही.

फक्त एक काम करा. शेवगावला गेलात तर शेठांच्या दुकानात डोकावून या. गादीमागचा दिवा अजून जळतो असं ऐकते. आत दुसरं कोणी बसलं असेल तर मला सांगू नका. जागा रिकामी असेल, तर एखादी कळशी वाजवून बघता बघता सहज विचारा, ही कोणासाठी ठेवलीय? ते माझं नाव घेतात का, तेवढं ऐकून या.