रंगाखालचा चेहरा

“मिसेस एलेनी, हे ऐकून तुमचा विश्वास बसायचा नाही. इस्तंबूलमध्ये सांगितलं, तिथेही कुणाचा बसला नव्हता.”

प्रल्हादकाकांनी अशी सुरुवात केली की एडिसन गावातली मराठी मंडळी गाडीच्या किल्ल्या चाचपायला लागत. ही ग्रीक म्हातारी मात्र त्यांना पहिल्यांदाच ऐकत होती.

तिच्या लोकांनी लांब कुठेतरी नवं चर्च बांधलं आणि घुमटाचं हे जुनं चर्च महाराष्ट्र मंडळाला विकलं. घुमटात येशूचा मोठा चेहरा होता, तिच्या नवऱ्यानं, कोस्तासनं रंगवलेला. त्याच्या हातचं मागे उरलेलं तेवढंच. आता वर पांढराफेक रंग होता आणि खाली गणपतीचं मखर उभं राहत होतं. रंगाखाली चेहरा शाबूत आहे ना, एवढंच विचारायला ती बस बदलत आली होती.

शाबूत नव्हता. तेलरंगावर नवा रंग धरत नाही म्हणून आधी सगळं पॉलिशपेपरनं घासून काढायचं ठरलं, तेव्हा पहिला हात काकांचाच वर झाला होता.

पण तिला खरं सांगायचं झालं असतं, तर तिच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. काकांनी घुमटाकडे बघितलं आणि इस्तंबूल काढलं. तिथे म्हणे त्यांचं विमान बिघडलं होतं. तिथली हागिया सोफिया आधी चर्च, मग मशीद, मग म्युझियम. मशिदीच्या काळात चित्रांवर गिलावा चढला आणि त्याच गिलाव्यानं कितीतरी चित्रं सांभाळली, इथवर सगळं खरं. पुढे काकांनी पहारेकऱ्याला चिवडा चारला, नखानं भिंत खरवडली, आणि आतून एका देवदूतानं डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं. तोही ओला डोळा.

“तुमच्या कोस्तासचंही तसंच समजा. रंग म्हणजे पांघरूण. देव काय, भाडेकरूंसारखे येतात, जातात. कधीतरी कुणीतरी ते पांघरूण काढेल.”

एलेनीनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाली, आता इथून सरळ कबरस्तानात जाते, त्याला सांगते.

मखराला थर्माकोल चिकटवत बसलेली काकांची मुलगी दीपा उठून आली. जन्म इथलाच, मराठी समजे, पण बोले इंग्रजीच. बापाकडे न बघता ती म्हातारीला म्हणाली,

“माझे बाबा खोटं सांगताहेत. तो चेहरा यांनी घासून काढला. खाली पडलेली पूड मीच झाडली आणि कचऱ्यात टाकली.”